‘ये’ कोण म्हणालं? व्हॅम्पायर, खून आणि चित्रकथेतला तपास

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही १२० पानांची ग्राफिक नॉव्हेल लिहिली आहे. मुंबईच्या बंदराजवळ तीन खून होतात, एक महिला इन्स्पेक्टर तपास करते आणि ११२व्या पानावर कळतं की खुनी व्हॅम्पायर आहे. तिघांना वाचायला दिलीत आणि तिघेही म्हणाले, ‘फसवल्यासारखं वाटलं.’ आता तुम्हाला हवंय की शेवट आणखी धक्कादायक कसा करावा. शिवाय, मराठीत व्हॅम्पायर उपरा वाटतो का, त्याच्या जागी वेताळ घालू का, असंही विचारलंय. सोबत दिलेला कथेचा आराखडा आणि नमुन्याची चार पानं मी दोनदा वाचली.

मी बावीस वर्षं कॉमिक्सच्या स्क्रिप्ट लिहितोय, गेली नऊ वर्षं दुसऱ्यांच्याही तपासतोय. या प्रकारच्या कथा माझ्याकडे बऱ्याच येतात आणि दहातल्या सात-आठ याच जागी अडखळतात. तिघांनी बोट ठेवलं ते ११२व्या पानावर, पण दुखणं तिथलं नाही, पहिल्या वीस पानांतलं आहे.

रहस्यकथा वाचणारा माणूस पान उघडताना एक गोष्ट गृहीत धरतो: तपास करणाऱ्याला जे दिसलं ते मलाही दिसेल. त्या भरवशावर तो डोकं चालवतो. कुलूप बंद होतं मग आत कोण शिरलं, चाव्या किती होत्या, वॉचमन कुठे होता. आणि १११ पानं हे केल्यावर तुम्ही त्याला सांगता की खुनी धूर होऊन फटीतून आला. त्याने चालवलेलं सगळं डोकं वाया गेलं. त्याचा राग बरोबर आहे. शेवट कितीही धक्कादायक केलात तरी हा राग जाणार नाही, उलट वाढेल.

म्हणून माझं सांगणं एवढंच की व्हॅम्पायर असणं हे कोड्याचं उत्तर ठेवू नका. ते विसाव्या पानाच्या आत उघड करा, आणि शेवटासाठी माणसाने केलेलं काहीतरी राखून ठेवा.

तसंही तुम्हाला ते लपवता येणार नाही. माझ्या तिसऱ्या पुस्तकात मी व्हॅम्पायर शेवटापर्यंत दडवून ठेवला होता. छापून आलं तेव्हा प्रकाशकाने मुखपृष्ठावर दोन सुळे आणि रक्ताचा थेंब टाकला होता. मला फार वाईट वाटलं, आठवडाभर मी कोणाशी बोललो नाही. पण विक्रेत्याला पुस्तक कुठल्या फळीवर लावायचं ते कळायला हवं आणि वाचकालाही आपण काय घेतोय ते कळायला हवं, हेही खरंच होतं. जी गोष्ट मुखपृष्ठ, जाहिरात किंवा पहिल्या वाचकाची एक ओळ फोडून टाकू शकते, तिच्यावर १२० पानांचा भार टाकू नये.

हे सगळं लांबीवर अवलंबून आहे, तेही कबूल करतो. तुमची कथा आठ पानांची असती तर मी काहीच बदलायला सांगितलं नसतं. १९५०च्या सुमारास अमेरिकेत ईसी कॉमिक्सच्या भयकथा आणि गुन्हेकथा सहा-आठ पानांच्याच असत आणि शेवटच्या चौकटीत धक्का देत. तेवढ्या वेळात वाचकाने फार काही गुंतवलेलं नसतं. तसंच तुम्हाला तपासापेक्षा भीती जास्त हवी असेल तर हिशोब वेगळा. स्टीव्ह नाइल्स आणि बेन टेम्पलस्मिथ यांची ‘थर्टी डेज ऑफ नाइट’ (२००२) अलास्कातल्या बॅरो गावात घडते. हिवाळ्यात तिथे अनेक आठवडे सूर्य उगवत नाही. शेरीफला सुरुवातीला काय सापडतं? चोरून जाळलेल्या मोबाइल फोनचा ढीग. किरकोळ चोरीची तक्रार वाटावी असा. त्यावरून आपल्याला कळतं की कोणीतरी ठरवून गावाचा बाहेरच्या जगाशी संबंध तोडतंय. कोण, हे कोडं लेखक फार ताणत नाहीत, कारण त्यांना पुढचा वेढा दाखवायचा आहे. तुमच्या कथेत मात्र इन्स्पेक्टर आहे, पंचनामे आहेत, संशयित आहेत. ती तपासाचीच कथा आहे.

आता एक गोष्ट सांगतो जी मला स्वतःला उशिरा कळली आणि कळल्यावर माझं लिहिणं बदललं. व्हॅम्पायर युरोपच्या छापील जगात आला तोच सरकारी कागदांतून. १७२५ साली सर्बियातल्या किसिल्येवो गावात प्लोगोयोविट्स नावाच्या मेलेल्या शेतकऱ्याबद्दल तक्रार आली, तेव्हा ऑस्ट्रियाचा एक अधिकारी थडगं उघडताना हजर राहिला आणि त्याने अहवाल पाठवला. तो व्हिएन्नाच्या वर्तमानपत्रात छापला गेला. जानेवारी १७३२ मध्ये मेद्वेजा गावी फ्ल्युकिंगर या लष्करी शल्यवैद्याने एकामागून एक थडगी उघडून प्रत्येक प्रेताची अवस्था नोंदवली: हे कुजलेलं, हे न कुजलेलं, याच्या छातीत ताजं वाटणारं रक्त. त्या अहवालाचं लॅटिन नाव ‘व्हिसुम एत रेपर्टुम’, म्हणजे जे पाहिलं आणि जे आढळलं. आपल्याकडे याला पंचनामाच म्हणतील. प्रेत कुजताना तोंडा-नाकातून लालसर द्रव येतो आणि पोट फुगतं, हे आज वैद्यकाला ठाऊक आहे. त्या गावकऱ्यांना तो पुरावा वाटला. म्हणजे गुन्हेकथा आणि व्हॅम्पायर यांची सांगड आपण आज घालत नाही आहोत, त्यांची पहिली ओळखच चौकशीतली आहे.

ब्रॅम स्टोकरनेही १८९७ मध्ये ‘ड्रॅक्युला’ कागदपत्रांतूनच सांगितली. रोजनिशा, पत्रं, तारा, वर्तमानपत्रांची कात्रणं. त्यातला मला सर्वांत आवडणारा भाग रक्ताचा नाही, खोक्यांचा आहे. ड्रॅक्युला स्वतःच्या मातीने भरलेली ५० खोकी इंग्लंडला आणतो. ती शोधायला ही मंडळी हमालांना भेटतात, गाडीवाल्यांना विचारतात, कुठल्या घरी किती खोकी उतरवली त्याचा हिशोब लावतात. घर घ्यायला त्याला वकील लागला, माल आणायला जहाज लागलं. जो प्रकाशाला घाबरतो त्याला दिवसाची सगळी कामं दुसऱ्यांकडून करून घ्यावी लागतात आणि प्रत्येक काम मागे एक कागद आणि एक माणूस सोडतं. तुमची कथा बंदराजवळ आहे! गोदामाचं भाडं, बिल ऑफ लेडिंग (जहाजावर चढवलेल्या मालाची पावती), रात्रपाळीच्या मुकादमाची वही, हे सगळं हाताशी असताना तुमची इन्स्पेक्टर ४० पानं फक्त अंधाऱ्या गल्ल्यांतून फिरते आहे.

कॉमिक्समध्ये हे दोन्ही प्रकार एकाच दिवशी आजारी पडले, असं म्हणता येईल. ऑक्टोबर १९५४ मध्ये अमेरिकन प्रकाशकांनी जी कॉमिक्स संहिता स्वीकारली, तिच्यात व्हॅम्पायरवर सरळ बंदी होती आणि गुन्हेकथांवरही कडक बंधनं होती. शीर्षकातला ‘क्राइम’ हा शब्दसुद्धा बाकीच्या शब्दांपेक्षा मोठा छापायचा नाही. १९७१ मध्ये संहिता सैल झाली, अभिजात साहित्याच्या परंपरेतले व्हॅम्पायर चालतील असं ठरलं, आणि पुढच्याच वर्षी मार्व्हलची ‘टूम ऑफ ड्रॅक्युला’ सुरू झाली. ती १९७९ पर्यंत ७० अंक चालली. जीन कोलनची पेन्सिल आणि टॉम पामरची शाई बघण्यासाठी तरी ती मिळवाच. धुकं, कोट, अर्धा उजळलेला चेहरा, सगळं काळ्या रंगातून उमटतं.

त्या मालिकेच्या २५व्या अंकात, १९७४ मध्ये, हॅनिबल किंग नावाचा खासगी गुप्तहेर आला. लेखक मार्व्ह वोल्फमन. थकलेला, एकटा, स्वतःशी बोलणारा हेर, गुन्हेकथेत असतो अगदी तसा. एका व्हॅम्पायरचा माग काढतो. आणि अंकाच्या शेवटी कळतं की किंग स्वतःच व्हॅम्पायर आहे. तुम्ही म्हणाल, हा तर शेवटचा धक्काच झाला. हो, पण फरक बघा. व्हॅम्पायर असतात हे त्या मालिकेच्या वाचकाला पहिल्या पानापासून माहीत आहे. जगाचे नियम बदलत नाहीत, फक्त एका माणसाकडे बघण्याची आपली नजर बदलते. शिवाय ते सगळं एका अंकात आटोपतं.

स्कॉट स्नायडर आणि रफाएल अल्बुकर्क यांच्या ‘अमेरिकन व्हॅम्पायर’ने (२०१०) दुसरी वाट घेतली आणि तुमच्यासाठी तीच जवळची आहे. तिच्यातली एक कथा १९३६च्या लास व्हेगासमध्ये घडते. हूव्हर धरणाच्या बांधकामातली बडी माणसं मरू लागतात आणि मॅककोगन हा तरुण पोलीसप्रमुख तपास करतो. व्हॅम्पायर आहेत हे आपल्याला माहीत आहे, त्याला नाही. तो चुकीच्या दाराकडे चालायला लागला की आपला श्वास अडकतो. धरणाचा पैसा, जुनी वैरं, कोणाचा फायदा, हे प्रश्न मात्र त्याच्याइतकेच आपल्यालाही पडतात. तुमच्या इन्स्पेक्टरला अशी जागा द्या.

पुढची गोष्ट नियमांची. तुमच्या व्हॅम्पायरला काय जमतं आणि काय जमत नाही ते एका कागदावर लिहा, तीन-चार ओळींत, आणि त्यातलं प्रत्येक पहिल्या वीस पानांत चित्रातून दाखवा. संवादातून सांगू नका. आरशात दिसत नाही हा नियम ठेवायचा असेल तर पाचव्या-सहाव्या पानावर इराण्याच्या हॉटेलात भिंतीवर आरसा काढा. टेबलाशी दोघं बसलेत, आरशात एकच चहा पिताना दिसतोय, आणि त्याबद्दल कोणी एक अक्षर बोलत नाही. ज्याला दिसेल त्याला दिसेल. शेवटी मागे वळून बघणाऱ्याला ते सापडलं की त्याला फसवल्यासारखं वाटत नाही, आपण हुशार असल्यासारखं वाटतं. सीसीटीव्हीत दिसतो की नाही, हेही आजच्या मुंबईत ठरवावंच लागेल.

रक्ताचाही हिशोब करा. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं. त्यातलं ४० टक्क्यांच्या वर, म्हणजे २ लिटर, गेलं की तातडीच्या उपचाराशिवाय जीव वाचणं कठीण. भरपेट जेवलेल्या माणसाच्या पोटात मात्र लिटर-दीड लिटरच मावतं. तुमच्या कथेत एकटा माणूस दहा मिनिटांत अख्खं शरीर कोरडं करतो. उरलेलं गेलं कुठे? हा प्रश्न इन्स्पेक्टरला पडायला हवा, आणि त्याच्या उत्तरात दुसरा माणूस दडलेला असू शकतो: कोणीतरी बाटल्या भरतंय.

शवागाराचं तुमचं ११वं पान मी असं लिहिलं असतं. माणूस मेला की रक्त शरीराच्या खालच्या बाजूला उतरतं आणि उताण्या पडलेल्या प्रेताच्या पाठीवर जांभळट चट्टे दिसू लागतात. अर्ध्या तासापासून दोन तासांत सुरुवात होते, ८ ते १२ तासांनी ते पक्के होतात. रक्तच राहिलं नसेल तर चट्टे फिकट असतात किंवा उठतच नाहीत. पहिली चौकट: डॉक्टरांचे हातमोजे घातलेले हात प्रेत कुशीवर वळवतात. दुसरी, जवळून: पाठ, कोरी, कागदासारखी. तिसरी: इन्स्पेक्टरचा चेहरा, संवादाचा फुगा नाही. चौथी: ती म्हणते, ‘डॉक्टर, रात्रभर उताणा पडला होता ना हा?’ पान संपलं. मानेवरच्या दोन भोकांची गरजच पडली नाही. ती भोकं हजार वेळा काढून झाली आहेत, कोरी पाठ फार कोणी काढलेली नाही.

आता उंबरठा. व्हॅम्पायरला घरातल्या कोणीतरी पहिल्यांदा बोलावल्याशिवाय आत येता येत नाही, हा स्टोकरनेही वापरलेला नियम तुमच्या कथेत आहे, पण तुम्ही तो नुसता सजावटीला ठेवलाय. माझ्या मते तुमची खरी गुन्हेकथा तिथेच आहे. तीन घरं, तीन मृत्यू, म्हणजे तीन वेळा कोणीतरी आतून बोलावलं. मेलेल्यानेच बोलावलं का? की घरातल्या दुसऱ्या कोणी, जाणूनबुजून? ज्याला बापाची खोली हवी होती त्याने? ११२व्या पानावर उघड व्हायला हवी ती व्यक्ती ही आहे. तिला सुळे नाहीत, तिच्यावर कुठलं कलम लावायचं हेही इन्स्पेक्टरला सुचत नाही, आणि तरी खून तिनेच केला आहे हे वाचकाला पटतं.

आणि इथे मराठी तुमच्या बाजूने आहे. शेजारीण जबाबात सांगते, ‘दार वाजलं, मग ते म्हणाले, ये, आत ये.’ ‘या’ नाही, ‘ये’. त्या एका स्वरात नातं आलं: लहान, ओळखीचा, घरचा. आणि ‘ये गं’ असेल तर बाईमाणूस. पहिल्या जबाबात शेजारीण ‘या’ म्हणते, तिसऱ्यात नीट आठवून ‘ये’ म्हणते, आणि इन्स्पेक्टर वहीतला शब्द खोडून दुरुस्त करते. ही एक चौकट माझ्या दृष्टीने पाठलागाच्या चार पानांपेक्षा मोलाची आहे. जपून काढा, वहीवरचं अक्षर वाचता येईल इतकी मोठी.

भाषा उलटतेही. तुमच्या नमुना पानांत खुन्याच्या मनातलं सांगणाऱ्या मजकुराच्या पट्ट्या आहेत. पहिलीच पट्टी: ‘मी आत गेलो.’ संपलं, पुरुष आहे हे कळलं आणि दोन संशयित बायका बाद झाल्या. मराठी क्रियापद बोलणाऱ्याचं लिंग सांगून टाकतं. पण सकर्मक भूतकाळात ते कर्माप्रमाणे चालतं: ‘मी दार उघडलं, मी दिवा मालवला.’ इथे बोलणारा कोण ते कळत नाही. पट्ट्या अशाच वाक्यांत बांधा, किंवा ‘मला ऐकू आलं’, ‘माझ्या हाताला लागलं’ अशा. विसरणे, शिकणे यांसारख्या क्रियापदांपासून सांभाळा, ती सकर्मक असूनही बोलणाऱ्याच्या मागे जातात. आणि ‘पिणे’ त्यातलंच आहे: प्यायलो किंवा प्यायले म्हणावंच लागतं. तेव्हा खुन्याच्या तोंडी तो शब्द उघड होण्याच्या पानापर्यंत येऊच देऊ नका. तो पहिल्यांदा तिथेच येऊ दे, एकट्याने, मोठ्या चौकटीत.

मांडणीबद्दल थोडक्यात. धक्का पान उलटल्यावर, म्हणजे सम पानाच्या पहिल्या चौकटीत यावा. तुमचं ११२ सम आहे, म्हणजे हे तुम्हाला कळतं. मोबाइलवर उभ्या पट्टीत देणार असाल तर पान उलटणं नसतं, तिथे मोकळी जागा सोडून तेच साधावं लागतं. फुगे मात्र फार भरलेत. देवनागरीला वर मात्रा-वेलांटी आणि खाली उकार लागतात, ओळींत अंतर जास्त सोडावं लागतं, म्हणून एका फुग्यात वीस-बावीस शब्दांच्या वर गेलात की चित्र झाकलं जातं. आणि चावा काढू नका. तो दोन चौकटींच्या मधल्या पांढऱ्या पट्टीत होऊ द्या.

राहिला वेताळ. हे तुम्ही कुठले आणि तुमचा वाचक कोण यावर अवलंबून आहे. रिचर्ड बर्टनने १८७० मध्ये विक्रम-वेताळाच्या कथा इंग्रजीत आणताना वेताळाला व्हॅम्पायर म्हटलं, तेव्हापासून हा घोळ आहे. पण आपला वेताळ प्रेतात वस्ती करतो, रक्तावर जगत नाही. कोकणात आणि गोव्यात तर तो गावाचा राखणदार देव आहे. आरवलीच्या वेतोबाला, म्हणजे तिथल्या वेताळालाच, लोक चामड्याच्या मोठ्या चपला वाहतात, तो रात्री गावभर फिरतो अशा श्रद्धेने. त्याला तुमच्या खुन्याच्या जागी बसवलंत तर सिंधुदुर्गातला वाचक दुखावेल, आणि ते योग्यच होईल. व्हॅम्पायरला व्हॅम्पायरच राहू द्या, बंदरातून आलेला परका. परका असणं तुमच्या कथेत बसतंय.

वेताळाकडून एक गोष्ट मात्र घ्या, त्याची सवाल करायची रीत. वेताळपंचविशीत एक कथा आहे: घारीने पकडलेल्या सापाच्या तोंडातून विष अन्नात पडतं, ते अन्न श्रद्धेने वाढलं जातं आणि खाणारा मरतो. वेताळ विचारतो, सांग राजा, पाप कोणाला? घारीला, सापाला की वाढणाऱ्यांना? तुमच्या इन्स्पेक्टरसमोर शेवटच्या आठ पानांत हाच सवाल बसलेला आहे. चावणारा भुकेला होता. दार उघडणाऱ्याला माहीत होतं. गोदाम देणाऱ्याने विचारलं नाही.

तर आधी नियमांचा कागद करा, मग १ ते २० पानं नव्याने लिहा, आणि ‘ये’ कोण म्हणालं ते स्वतःशी पक्कं झाल्यावरच ११२ला हात लावा. चित्रकाराला तोवर शाईकाम थांबवायला सांगा. आरसा, वही, कोरी पाठ हे सगळं पेन्सिलीत असताना सहज हलवता येतं. शाई चढली की अख्खं पान पुन्हा काढावं लागेल.